जुनी सरप्लस कॉम्पॅक्ट पिस्तुलं: घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

उत्तरायण

नमस्कार मंडळी,

नेमबाजीचा परवाना हातात आला आहे आणि पहिलं स्वतःचं पिस्तूल घ्यायचं आहे. नवीन घेण्यापेक्षा लष्करातून किंवा पोलिसांकडून निघालेलं, लहान चणीचं सेमी-ऑटोमॅटिक घ्यावं असं मनात आहे. पोलादी, साधी यंत्रणा, आणि त्यामागचा इतिहासही आवडतो.

परवानाधारक विक्रेत्याकडे तीन पाहिली. पूर्व जर्मन मकारोव, काळ्याभोर चकचकीत ब्लूइंगचं (पोलादावरचा काळानिळा संरक्षक थर). चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड ८२, ज्याचा रंग टवके उडून गेलाय आणि दिसायला पार थकलेलं. तिसरं जर्मन पोलिसांचं सिग पी६. विक्रेता म्हणाला, सावकाश हाताळा, खोलून बघा, घाई नाही.

नळीत टॉर्च टाकून पाहिलं तर मकारोवमधल्या खाचा ठळक दिसतात. सीझेडच्या नळीत खाचा जवळजवळ दिसतच नाहीत, सगळं गुळगुळीत. म्हणजे ती नळी झिजली असं समजायचं का? दिसण्यावरून मन मकारोवकडे झुकतंय. पण इथे जाणकार आहेत, म्हणून आधी विचारतो.

पोलादपक्का

सीझेड ८२ ची नळी झिजलेली नाही, ती तशीच असते. तिचं रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरवणारी नळीतली वळणदार रचना, पॉलिगोनल आहे. नेहमीसारख्या धारदार कडांच्या खाचा नसतात, तर नळीच्या आतला आकारच गोलसर कोपऱ्यांचा बहुभुज असतो. ज्यांनी आधी पाहिलेलं नसतं त्यांना हमखास वाटतं की नळी संपली. अशा नळीत खाचा शोधू नका. टॉर्च तिरका धरून भिंतीवरचा प्रकाश बघा. तो एकसंध सरकत गेला तर नळी उत्तम. मध्येच काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते, म्हणजे कधीतरी आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली. काळं कडं दिसलं की कुठलंही पिस्तूल असो, तिथेच थांबा.

घडीव

उत्तरायण, चांगला प्रश्न. जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयात लोक उलट्या क्रमाने बघतात. आधी चकाकी, मग नळी, आणि घोडा (मागचा आपटणारा भाग), सिअर (चढवलेला घोडा अडवून धरणारी खुंटी) आणि सेफ्टी कधीच नाही. माझं ठाम मत आहे की क्रम बरोबर उलटा हवा. नळी खराब असेल तर निशाणा बिघडतो. सिअर खराब असेल तर माणूस जातो.

सुरुवात नेहमीचीच: मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती नळीमागची जागा) डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा. खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत. विक्रेत्याने बघितलं असेल तरी तुम्ही परत बघा.

आता घोडा. तो चढवा आणि चापाला हात न लावता अंगठ्याने मागून पुढे दाबा, चांगला जोर लावून. पडला तर सिअरची धार गेली आहे, किंवा आधीच्या कोणीतरी चाप हलका करायला तिच्यावर कानस फिरवली आहे. दुसरं: चाप ओढून धरा, तसाच धरून ठेवून स्लाइड हाताने मागे-पुढे करा. घोडा चढलेलाच राहिला पाहिजे. चाप सोडताना टिक असा आवाज येऊन तो पुन्हा लागला पाहिजे. स्लाइडबरोबर घोडा खाली आला तर डिसकनेक्टर (एका ओढीत एकच गोळी सुटेल हे बघणारा भाग) किंवा सिअर गेलंय, आणि असं पिस्तूल एका ओढीत दोन-तीन गोळ्या झाडू शकतं.

मग पेन्सिल. नळी वर करून मागे रबर असलेली पेन्सिल रबराकडून नळीत सोडा. घोडा चढवून चाप ओढला की पेन्सिल उडाली पाहिजे, म्हणजे फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सळई) जिवंत आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. पण मकारोवसाठी याच चाचणीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. घोडा चढवा, पेन्सिल परत टाका, आणि आता चाप न ओढता सेफ्टीने घोडा पाडा. पेन्सिल तसूभरही हलता कामा नये. हलली तर सेफ्टी घोड्याला पिनपर्यंत पोचू देते आहे. बाहेरून ते पिस्तूल कितीही देखणं असो, परत ठेवा.

अबोली_क

घडीवदादा, वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)! एक भर घालते. सेफ्टीची दिशा प्रत्येक पिस्तुलात वेगळी असते, आणि सरप्लसमध्ये लोक एका वेळी दोन-तीन वेगळ्या देशांची पिस्तुलं हाताळतात. मकारोवची कळ वर म्हणजे सुरक्षित, खाली म्हणजे झाडायला तयार. वॉल्थर पीपी आणि त्याच्या वळणाच्या हंगेरियन पीए-६३ वर बरोबर उलट: खाली सुरक्षित. सीझेड ८२ ला तर डिकॉकरच (चढवलेला घोडा सुरक्षित उतरवणारी कळ) नाही. तिथे घोडा उतरवायचा तर अंगठ्याने धरून हळूच सोडावा लागतो, नाहीतर घोडा चढवून सेफ्टी लावून ठेवायची. सिग पी६ ला हाताने लावायची सेफ्टीच नाही, फक्त डिकॉकर. उत्तरायण, तुम्ही पाहिलेल्या तिन्ही पिस्तुलांची सवय तीन प्रकारची आहे. पहिलंच पिस्तूल असेल तर कुठली सवय हाताला लावून घ्यायची ते आधी ठरवा.

नेमका_नेम

मी जरा विरोधी सूर लावतो. एवढं सगळं तपासत बसण्यापेक्षा नवीन का नको? कारखान्याची हमी मिळते, सुटे भाग मिळतात, पुढची साइट (नेम धरायची खूण) दिसते तरी. मकारोववरची साइट म्हणजे नखाएवढी. आणि ही जुनी ९ बाय १८ ची (काडतुसाचं माप मिलिमीटरमध्ये, व्यास बाय पुंगळीची लांबी) पिस्तुलं लहान असूनही हाताला झोंबतात. पोलंडचं पी-६४ झाडून बघा, मग बोलू.

घडीव

नेमका_नेम, झोंबतात हे खरंच, आणि त्याचं कारण खरेदीच्या दृष्टीनेही कामाचं आहे. मकारोव, पी-६४, पीए-६३, सीझेड ८२ ही सगळी साध्या ब्लोबॅकची. स्लाइड आणि नळी एकमेकांत अडकवणारं कुलूप नसतं. स्लाइडचं वजन आणि तिला परत पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच दाब पेलला जातो. मकारोव रिकामं सुमारे ७३० ग्रॅम भरतं, पी-६४ सुमारे ६२०. काडतूस तेच, वजन कमी, म्हणून तडाखा जास्त. पीए-६३ ची फ्रेम अॅल्युमिनियमची, तिथेही तेच.

पण याचाच दुसरा अर्थ असा की या पिस्तुलांत रिकॉइल स्प्रिंग हीच खरी झिजणारी वस्तू आहे. ती थकली की स्लाइड फ्रेमवर आपटायला लागते, आणि हे आपटणं वर्षानुवर्षं साचत जातं. स्लाइड उतरवून फ्रेमचा तो भाग बघा जिथे स्लाइड मागे जाऊन थांबते. पोलाद तिथे चेपून कडा बाहेर आली असेल तर हे पिस्तूल बराच काळ मेलेल्या स्प्रिंगवर चाललं आहे. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर बारीक तडाही शोधा. भिंग घेऊन जा, त्यात लाज कसली.

नवीन स्प्रिंग घेताना जुनीशी लांबी ताडून बघा. आणि बसवताना एक गोष्ट: मकारोवच्या स्प्रिंगचं एक टोक घट्ट वेटोळ्याचं असतं, ते नळीवर आधी, मागच्या बाजूला जातं. उलट बसवलेली पिस्तुलं मी दुकानात पाहिली आहेत.

पोलादपक्का

पी-६४ चा विषय निघाला म्हणून. त्याचा डबल अॅक्शनचा (घोडा न चढवता थेट ओढायचा) चाप कुप्रसिद्ध जड आहे, दहा किलोच्या पुढे. त्यामुळे बऱ्याच मालकांनी घोड्याची स्प्रिंग हलकी टाकलेली असते. विकत घेताना चाप मऊ लागला तर खूश होऊ नका, विचारा. फार हलकी स्प्रिंग असेल तर कठीण प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) नुसता चरा पडतो आणि काडतूस पेटत नाही.

उत्तरायण

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताई, सेफ्टीच्या दिशेचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. नेमका_नेम, तुमचं म्हणणं पटतं, पण मला हे सावकाश रेंजवर वापरायचं आहे. यंत्र समजून घेण्यातच अर्धा आनंद आहे.

दोन प्रश्न. ब्लूइंग इतकं छान असेल तर निदान गंज नाही असं धरून चालावं ना? आणि ९ बाय १८ मिळालं नाही तर तेवढ्याच मापाचं दुसरं काडतूस चालतं का?

घडीव

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही.

९ बाय १७, ९ बाय १८, ९ बाय १९ ही नावं ऐकून वाटतं की फक्त पुंगळी एकेक मिलिमीटरने लांब होत जाते. पण मकारोवची गोळीच जाड आहे. पॅराबेलमची, म्हणजे ९ बाय १९ ची, गोळी सुमारे ९.०२ मिलिमीटर व्यासाची, मकारोवची सुमारे ९.२७. ९ बाय १७, म्हणजे ज्याला थ्री-एटी म्हणतात, ते मकारोवच्या चेंबरमध्ये शिरतं आणि कधी पेटतंही. म्हणून लोकांना वाटतं की चालतंय. पण ते पुढे टेकत नाही, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) नखावर कसंबसं लटकलेलं असतं, आणि गोळी नळीत सैल जाते. उलटही लक्षात ठेवा: मकारोवच्याच ढंगाची थ्री-एटीमध्ये बनवलेली नागरी पिस्तुलं बाजारात आहेत, आणि सीझेड ८३ तर तीन वेगवेगळ्या काडतुसांसाठी निघालं. नावावर जाऊ नका. नळीवर किंवा स्लाइडवर कोरलेलं माप वाचा आणि तेच वापरा.

पहिल्या प्रश्नावर अबोली लिहीलच, तिचा हातखंडा आहे.

अबोली_क

लिहिते, दादा.

उत्तरायण, चकाकी म्हणजे गंज नाही असं नाही. चकाकी म्हणजे इतकंच की कधीतरी कोणीतरी घासून पुन्हा ब्लूइंग केलं असू शकतं. आता पूर्व जर्मन मकारोव मुळातच सुबक फिनिशचं येतं, त्यामुळे चमक हा काही गुन्हा नाही. फरक असा ओळखा: कोरीव अक्षरं आणि आकडे भिंगातून बघा. मूळ फिनिशमध्ये अक्षरांच्या कडा नखाला लागतात. पॉलिशच्या चाकावर घासलेल्या पिस्तुलात त्या कडा गोल झालेल्या असतात, एखादा आकडा एका बाजूने फिका पडलेला असतो. पिना आणि स्क्रूच्या भोकांची तोंडं बशीसारखी खोलगट दिसतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे खड्ड्याच्या आतसुद्धा ब्लूइंग. गंज नंतर आला असता तर खड्डा तपकिरी किंवा राखाडी दिसला असता. आत काळानिळा रंग भरलेला असेल तर खड्डा आधीचा, रंग नंतरचा.

मग विक्रेत्याला विचारून ग्रिप (मुठीचं आवरण) उतरवा. मकारोववर मागे एकच स्क्रू आहे. ग्रिपखाली वर्षानुवर्षं हाताचा घाम मुरतो आणि तिथे कोणी पुसत नाही. फ्रेमच्या त्या भागावर ग्रिपच्या कडेची अचूक रेघ गंजाने ओढलेली दिसते कधीकधी. ग्रिप उतरवलीच आहे तर आतली पट्टीची स्प्रिंगही बघून घ्या. मकारोवमध्ये तीच एक चपटी स्प्रिंग घोड्याला जोर देते आणि तिचंच खालचं टोक मॅगझिन धरून ठेवतं. म्हणून मॅगझिन सैल बसत असेल तर फक्त मॅगझिनला दोष देऊ नका.

दुसरी जागा म्हणजे स्लाइडचा आतला तो भाग जिथे पुंगळीचा बूड टेकतो, आणि एक्स्ट्रॅक्टरखालची फट. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मीठच, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. ज्याने प्रेमाने तेल लावून पिस्तूल ठेवून दिलं त्याच्याही नळीत गंज चढला तो यामुळे. अशी जुनी काडतुसं वापरलीत तर आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेल. हा क्रम बदलू नका.

वाटाड्या७

उत्तम धागा. मी गेली काही वर्षं पी६ वापरतोय म्हणून त्याबद्दल लिहितो, कारण त्याच्याकडे कोणी बघेना.

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मन पोलिसांनी नव्या ९ बाय १९ पिस्तुलासाठी निकष ठरवले आणि त्यातून तीन निघाली: वॉल्थर पी५, सिग पी६ आणि हेक्लर अँड कोखचं पी७. पी६ म्हणजेच सिगचं पी२२५. ८ गोळ्यांचं मॅगझिन, अॅल्युमिनियमची फ्रेम, आणि ही कुलूपबंद नळीची यंत्रणा आहे, ब्लोबॅक नाही. म्हणून जास्त ताकदीचं काडतूस असूनही मकारोवपेक्षा हाताला सौम्य लागतं.

यातली एक गंमत खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडते. पी६ च्या घोड्याच्या मागच्या टोकाला मुद्दाम खाच ठेवलेली आहे. पिस्तूल घोड्यावर पडलं की ते टोक वाकतं आणि शस्त्रागारातल्या माणसाला न सांगताच कळतं. ती खाच बाजूने बघा. चेपलेली असेल तर ते पडलेलं आहे आणि फ्रेम-सिअर दुप्पट काळजीने तपासा. बऱ्याच पी६ वर महिना आणि वर्षही कोरलेलं असतं, त्यामुळे वयाचा अंदाज विचारावा लागत नाही.

पोलिसी पिस्तुलांचा सर्वसाधारण स्वभाव असा, की बाहेरून म्यानात घासून घासून कडा पांढऱ्या पडलेल्या आणि आतून फारसं झाडलेलंच नाही. रोज कमरेला, पण रेंजवर क्वचित. पी६ उघडून फ्रेमच्या रुळांवरचं काळं आवरण बघा. थोडी चमक ठीक. पण रूळ खरवडलेले, नखाला ओरखडे लागणारे असतील तर सोडा. अॅल्युमिनियमवर पोलाद फिरतंय, तिथे तेल नसेल तर फ्रेमच हरते. स्लाइड घडीच्या पत्र्याची आणि आत ब्रीच-ब्लॉक (पुंगळीचं बूड जिथे टेकतं तो ठोकळा) पिनेने बसवलेला असतो, ती पिन सरकलेली नाही ना तेही बघा.

नेमका_नेम

वाटाड्या, हे सुंदर. पी६ बद्दल माझा विरोध मागे घेतो.

एक विचारायचं राहिलं. बिनगोळीचं चाप ओढून बघणं सगळ्याच जुन्या पिस्तुलांना चालतं का?

पोलादपक्का

नाही. स्पॅनिश स्टार बीएम हे देखणं पोलादी पिस्तूल आहे, पण त्याची फायरिंग पिन कोरड्या झाडणीने तुटते अशी त्याची ख्याती आहे. त्यात मॅगझिन नसेल तर चापही चालत नाही, त्यामुळे लोक मॅगझिन घालून परत परत ओढून बघतात आणि पिन जाते. नियम सोपा: विक्रेत्याची परवानगी, आणि चेंबरमध्ये डमी, म्हणजे बिनदारूचं, काडतूस. डमी असलं की एक्स्ट्रॅक्टरही तपासला जातो. स्लाइड मागे ओढली की डमी नखाला धरून बाहेर उडायला हवं. घरंगळून खाली पडलं तर नख झिजलंय किंवा स्प्रिंग गेलीय.

उत्तरायण

आज परत जाऊन आलो, तुमची यादी घेऊनच.

मकारोव: अंगठ्याने दाबल्यावर घोडा पडला नाही, पेन्सिलची दोन्ही परीक्षा पास. पण अबोलीताई, तुम्ही म्हणालात तसंच. स्लाइडवरचे आकडे कडेला विरलेले, आणि ग्रिप उतरवली तर फ्रेमवर खड्ड्यांची ओळ, आत सगळं ब्लूइंग. मॅगझिनवरचा क्रमांक फ्रेमशी जुळत नाही.

सीझेड: रंगाचे टवके उडालेत, पण खाली फ्रेम स्वच्छ. नळीतला प्रकाश एकसंध. घोडा, चाप, डिसकनेक्टर सगळं चोख. पी६ च्या घोड्याची खाच चेपलेली निघाली. विक्रेत्याला दाखवली, त्यालाही माहीत नव्हती.

सीझेड घ्यायचं ठरवतोय. न जुळणारं मॅगझिन, उडालेला रंग, याने काही बिघडतं का? आणि आधी काय करू?

घडीव

मॅगझिनचा क्रमांक संग्राहकाला महत्त्वाचा, नेमबाजाला नाही. त्याचे ओठ बघायचे: वर दोन्ही बाजू समान वळलेल्या हव्यात, मागच्या कोपऱ्यात तडा नको. सीझेडच्या मॅगझिनमध्ये १२ काडतुसं मावतात. मिळालं तर दुसरं मॅगझिन आताच घ्या, सरप्लसमध्ये पिस्तूल संपण्याआधी मॅगझिनं संपतात. रंग म्हणजे भाजलेला लेप आहे. टवके उडालेल्या जागी तेलाचा हात फिरवत राहा, बस. पुन्हा रंगवायच्या फंदात निदान पहिलं वर्ष पडू नका.

मकारोवबद्दलही एक सांगतो, ते दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. यांत्रिकदृष्ट्या ते पास झालंय, खड्डे ग्रिपखाली आहेत, नळीत नाहीत. वापरायला हरकत नव्हती, फक्त मूळ फिनिशचं म्हणून त्याचं मोल धरायचं नाही.

पहिलं काम स्वच्छता. या पिस्तुलांच्या पोटात साठवणीचं घट्ट ग्रीस असतं आणि ते फायरिंग पिनच्या बिळात गोठून बसतं. मकारोवमध्ये तर पिनेला परतवणारी स्प्रिंगच नसते, पिन मोकळी असते, स्लाइड कानाशी हलवली तर खुळखुळ ऐकू आली पाहिजे. ग्रीसमुळे ती पुढे अडकून राहिली तर स्लाइड बंद होतानाच काडतूस पेटू शकतं. तुमचं सीझेड आहे, तरी पिन काढून बीळ धुऊन घ्या. जमत नसेल तर आरमररकडून (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून) करून घ्या. रिकॉइल स्प्रिंग नवीन टाका, जुनी चांगली दिसली तरी.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. झाडून पुंगळी बघा: फुगवटा नको, प्राइमरचा खड्डा मध्यावर हवा. मग दोन भरा आणि पहिल्या ओढीला एकच गोळी जाते ना बघा. हे काही वेळा केल्यावरच मॅगझिन पूर्ण भरा. पहिल्या दिवशी कोणीतरी अनुभवी माणूस शेजारी असू द्या, आणि पुंगळ्या गोळा करून फोटो इथे टाका.